अर्धी खाट मोकळी आहे

निघोजे, चाकण
४ ऑगस्ट २०२४, रविवार

बिनइस्त्री मासिकवाल्यांना,

रामराम. पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण मी आठवीच्या सहामाहीलाच शाळा सोडली. त्यामुळं सरळ मुद्द्यावर येतो.

तुमचं मासिक मला कासारवाडी स्टेशनाबाहेर चहावाल्याकडं सापडलं. दोरीला टांगलेलं होतं. माझा दोस्त ज्ञानेश याला कावीळ झाली. डॉक्टरनं दोन महिने घरी पडून राहायला सांगितलं, म्हणून त्याला लोकलमध्ये बसवून दिलं, पुढं तो परभणीच्या गाडीनं जाईल. तो गेला अन् मी चहा घेत बसलो. रात्रपाळी करून तसाच आलो होतो, डोळे मिटत होते. तरी पानं उलटली. अंगभर गोंदून घेतलेली पोरगी, घर विकून टेम्पोत राहणारा मास्तर. अशी माणसं तुम्ही कुठून धुंडता? चहावाला म्हणला, "वाचतोस का गिळतोस ते? बस गेली की तुझी." मी मासिक पोटात खोचून आणलं. त्याला सांगू नका.

तुम्ही रावेतच्या नवराबायकोबद्दल छापलंय. दोघं मिळून शंभर वस्तूंत राहतात, चमचासुद्धा मोजलाय. मी खोलीवर येऊन माझं मोजलं. सेफ्टी शूज, चार्जर, आईनं दिलेली वाकळ धरून एकतीस भरलं. अन् खाट अर्धी. म्हणजे खाट एक, माणसं दोन. माझी दिवसपाळी असली की ज्ञानेशची रात्रपाळी, आठवड्यानं उलटं. एक उठतो, दुसरा पडतो. खोलीत सहा खाटा अन् बारा जण. आम्ही मुद्दामच असं राहतो.

सध्या माझ्या खाटेची दुसरी अर्धी मोकळी आहे. ती मी ज्ञानेशसाठी राखून ठेवलीय, घरमालक बबनरावांना कळू दिलं नाही. कारण कंत्राटदाराला माणसं बबनरावच पुरवतात. ज्याची खाट त्याचं कंपनीच्या गेटवरच्या यादीत नाव. खाट गेली की काम गेलं.

तर मी तुमच्या मासिकात बसतो का, ते कळवा.

ज्योतीराम

•

रावेत
१३ ऑगस्ट २०२४

प्रिय ज्योतीराम,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग मुकुंदला वाचून दाखवलं. बिनइस्त्री आम्ही दोघंच काढतो. मी नोकरी सोडली, तो अजून करतो, म्हणून छपाई होते. मुकुंद सहसा कशालाच चांगलं म्हणत नाही. तो म्हणाला, "अनुया, ते शंभर वस्तूवाले याच्यापुढे सावकार वाटतात."

तुम्ही मासिकात बसता का, असं विचारू नका. आम्ही तीन वर्षं तुम्हालाच शोधत होतो. वस्तू कमी करणारे पुष्कळ भेटतात. पण झोपायची जागासुद्धा स्वतःची नको, असं म्हणणारं कुणी आजवर भेटलं नव्हतं.

मला आणखी हवंय. हे कुणी सुरू केलं? काही नियम आहेत का? नव्या माणसाला कसं घेता? आणि तुम्हाला स्वतःला यातून काय मिळतं?

आमची एक पद्धत आहे. आम्ही कुणाचा फोन नंबर छापत नाही, पण पत्र लिहिणाऱ्याचा संपूर्ण पत्ता छापतो. वाचकांनी एकमेकांना हाताने लिहावं, जमलं तर जाऊन भेटावं, एवढ्यासाठी. तुमची हरकत नसेल तर कळवा.

अनुया

•

निघोजे
१८ ऑगस्ट

अनुयाताई,

पत्र आलं तेव्हा बबनराव दारात खुर्ची टाकून बसलेले. म्हणले, "ज्योत्या, तुला कागूद आलाय. कोर्टाचा हाय का पोरीचा?" मी म्हणलं मासिकाचा. त्यांनी हातात तोलून बघितलं अन् दिलं.

नियम विचारले ते सांगतो.

पहिला, आपली वाकळ आपण गुंडाळून न्यायची, खाटेवर आपलं काही ठेवायचं नाही. दुसरा, खाटेवर बसून जेवायचं नाही. तिसरा, झोपलेल्याला कुणी उठवायचं नाही, घरून फोन आला तरी. चौथा, कुणी खाट माझी म्हणला की त्याला आठवडाभर सगळ्यांची भांडी. हे आमच्यातल्या सुजितनं काढलं. तो आधी एका आश्रमात होता. नव्या माणसाला पहिले तीन दिवस जमिनीवर झोपवतो, तक्रार केली नाही तरच घेतो.

मला काय मिळतं? डोकं हलकं राहतं. आपलं काही नाही म्हणल्यावर जायची भीती नाही.

पत्ता छापा की. इथं आल्यापासून मला एकसुद्धा पत्र आलं नव्हतं. गावात आईला लिहिता येत नाही, अन् फोनवर ती एकच विचारते, जेवलास का. येऊ द्या चार पत्रं.

आज रविवार असून बोलावलं होतं. माल अडकलाय म्हणले. बारा तास उभा होतो, आता अक्षर हलायलंय, समजून घ्या. ज्ञानेशचा फोन होता. डोळे अजून पिवळेच आहेत म्हणे. मला विचारलं, "खाट आहे ना रे?" म्हणलं आहे.

ज्योतीराम

•

रावेत
५ सप्टेंबर २०२४

प्रिय ज्योतीराम,

अंक निघाला. दोन प्रती पाठवते आहे, एक तुमची, एक सुजितला द्या. तुमच्या दोन्ही पत्रांचं मिळून एक केलं. चार पानं झाली. जागेसाठी थोडी कात्री लावावी लागली. आणि बबनरावांना कळू दिलं नाही ते वाक्य काढून टाकलं. छापून आलं असतं तर तुमची अडचण झाली असती. बाकी शब्द तुमचेच आहेत.

पिंपरीतल्या एका कॉलेजच्या मुलांनी तुमचे चार नियम भिंतीवर लिहिलेत. फोटो आलाय. मुकुंद म्हणतो, तीनशे प्रती कमी पडणार.

एक वाचक तुम्हाला भेटायला येईल बहुतेक. ओजस नाव आहे, बावीस वर्षांचा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलंय. शांत मुलगा आहे. त्याच्याशी नीट बोला एवढंच.

अनुया

•

निघोजे
१५ सप्टेंबर

अनुयाताई,

तुमचा ओजस आला. भेटायला नाही, राहायला आला.

बुधवारी दुपारी मी झोपलो होतो, माझी रात्रपाळी चालू आहे. बाहेर आवाज ऐकून उठलो. पाठीवर मोठी बॅग, हातात तुमचं मासिक. बबनरावांना म्हणत होता, "काका, मी अर्धी खाट घ्यायला आलोय."

"कोन्ती अर्धी?"

"ज्योतीराम यांची. मोकळी आहे. यात आलंय."

बबनरावांनी मासिक हात लांब करून धरलं अन् मोठ्यानं वाचलं. सध्या माझ्या खाटेची दुसरी अर्धी मोकळी आहे. खाली नाव, खोली नंबर, गाव, पिनकोड. सगळं बरोबर. ताई, तुम्ही बबनरावांचं वाक्य काढलं, पण त्याच्या आधी ज्ञानेशसाठी राखून ठेवलीय असं होतं, तेही गेलं. नुसतं मोकळी राहिलं.

बबनराव माझ्याकडं बघून म्हणले, "मला रोज सांगतोस ग्यानू रातपाळीला गेलाय. दीड म्हैना रातपाळीच करतोय का त्यो?"

सुजित आतून ओरडला, "पगार लई मोठा असंल की राव!" सगळे हसले. मीपण हसलो, काय करणार.

त्याच दिवशी यादीत ज्ञानेशचं नाव खोडून ओजसचं लिहिलं. ओजस दोन दिवस आला कंपनीत. प्रेसवर लोखंडी पत्रे उचलायचे असतात, धार लागते. तिसऱ्या दिवशी म्हणला, मी हे काम निवडत नाही. सुजित म्हणला, "निवडायला काय मेथीची जुडी हाय का?" पण तो खोलीतनं गेला नाही. बबनरावांना तो अख्ख्या खाटेचं भाडं देतो, त्यामुळं ते काही म्हणत नाहीत. मी झोपायला आलो की तो उठून बाहेर चौकटीला टेकून बसतो अन् वहीत लिहितो. मी कसा झोपतो तेपण लिहितो. आल्या दिवसापासून जमिनीवर झोपला, तीन दिवस, आम्ही नको म्हणत असताना. नियम आहे म्हणला.

आता खरं सांगतो. नियमबियम काही नाहीत. सुजित कधी आश्रमात नव्हता, तो आधी पोल्ट्रीवर होता. आम्ही मुद्दाम असं राहत नाही. अख्खी खाट परवडत नाही अन् मिळतपण नाही. तुमचं पत्र इतकं आनंदाचं होतं, मला वाटलं थोडं रंगवून लिहिलं तर काय बिघडलं.

ज्ञानेश महिन्याअखेरी येतो. तुम्ही ओजसला परत न्या. तो तुमचं ऐकेल.

ज्योतीराम

•

रावेत
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय ज्योतीराम,

तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तर लगेच द्यायला हवं होतं.

झालेली चूक माझी आहे. जे वाक्य काढायचं ते काढलं आणि जे ठेवायचं तेही त्याच्याबरोबर गेलं. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू. पण तो अंक डिसेंबरात निघेल.

ओजसबद्दल मी तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. तो माझा मावसभाऊ आहे. सुहासिनीमावशीने गेलं वर्षभर त्याला जेवणाचं ताट खोलीच्या दाराशी ठेवून दिलं. तो दार उघडत नव्हता. तुमची चार पानं वाचली आणि पहिल्यांदा स्वतःहून आंघोळ करून बाहेर पडला. आता रोज मावशीला फोन करतो. काल म्हणाला, आज बारा जणांचा चहा मी केला. मावशी फोनवर रडत होती.

तुम्ही सांगता ते मी त्याला कसं सांगू? थोडे दिवस जाऊ द्या. त्याचं मन उडालं की तो आपणच परतेल, याआधी दोनदा तसं झालंय. तोवर ज्ञानेशसाठी दुसरी एखादी खाट बघता येईल का? खर्च आम्ही करू.

नियमांचं आत्ता कुणाला सांगू नका, एवढी विनंती.

अनुया

•

निघोजे
२५ सप्टेंबर

ताई,

खर्चाचं काय करू? खाट बाजारात मिळते, यादीतलं नाव नाही मिळत. दोन दिवस कामावरून सुटल्यावर म्हाळुंग्यापर्यंत चालत जाऊन सगळ्या खोल्या विचारल्या. जिथं जागा आहे तिथला घरमालक आपल्या गावचीच पोरं घेतो.

ओजस चहा चांगला करतो, खरं आहे. पोरगा वाईट नाही. काल माझे शूज धुऊन ठेवले, ओलेच घालून गेलो. पण तुमच्या मावशीचं पोरगं दार उघडून बाहेर आलं, अन् ज्ञानेशच्या आईचं पोरगं येऊन कुठं जाईल? त्याच्या घरी दोन एकर खडक आहे. त्याच्या आजारात बहिणीचं कॉलेज थांबलंय.

तो एक तारखेला सकाळी पोचतो. मी त्याला काही सांगितलं नाही. फोनवर तो म्हणला, आता अंगात ताकद नाही रे, पण आल्या आल्या पडायला जागा आहे म्हणून निघतोय.

मी तुम्हाला खोटं लिहिलं, ते माझ्याकडं. पण आता तुम्हाला खरं माहीत आहे.

ज्योतीराम

•

रावेत
२९ सप्टेंबर २०२४, रविवार

प्रिय ज्योतीराम,

हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर सगळं कळलेलं असेल. आज मी तुमच्या खोलीवर आले होते. तुम्ही कामावर होतात.

बबनरावांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "तुमीच का छापनाऱ्या बाई? आमच्या खोलीचा फोटू टाकायचा व्हता की, पत्रे नवीन घातल्यात." मी आत गेले. दुपारी दोन वाजता तुमची खाट सोडून बाकी पाचही खाटांवर माणसं झोपलेली होती. इतक्या उकाड्यात, उघड्या दारात. एकानेही कूस बदलली नाही. मी अर्धा तास होते. त्या अर्ध्या तासात मला एकदाही असं वाटलं नाही की इथे कुणी काही ठरवून राहतंय. हे मला चार पानं छापायच्या आधी येऊन बघता आलं असतं. रावेतहून फार तर तासाची वाट आहे.

ओजसला मी बाहेर पिंपळाखाली नेलं आणि सांगितलं. नियम खोटे आहेत, तू ज्या खाटेवर आहेस ती एका आजारी माणसाची आहे. त्याने वही मिटली. मग म्हणाला, "मला तीन दिवसांतच कळलं होतं, अनुताई. पण इथे कुणी मला विचारत नाही, पुढे काय करणार."

त्याने बॅग भरली. सुजितना उठवून नमस्कार केला. ते झोपेतच म्हणाले, "साखर कुठं ठेवलीस ते सांगून जा." आम्ही मावशीच्या घरी आलो. आत्ता तो आपल्या खोलीत आहे. दार लावलेलं आहे.

तुमची खाट मोकळी झाली. निघताना मी स्वतः बबनरावांना तसं सांगितलं, म्हणजे ज्ञानेशचं नाव परत लिहितील. ते बरं म्हणाले.

माझ्याने एवढंच झालं.

अनुया

•

दिघी
१३ ऑक्टोबर

अनुयाताई,

तुमचं पत्र मला उशिरा मिळालं. सुजितनं इथं आणून दिलं.

तुम्ही बबनरावांना खाट मोकळी झाली म्हणून सांगितलं. त्यांनी संध्याकाळच्या आत नांदेडकडचं एक पोरगं आणून बसवलं. त्यांचा तरी काय दोष, रात्रपाळीला एक माणूस कमी होता अन् कंत्राटदार शिव्या देत होता. मी कामावरून आलो तर ते पोरगं खाटेच्या कडेला बसलेलं, बॅग मांडीवर, अन् मला विचारलं, दादा, मी कोणत्या टायमाला झोपायचं?



बबनरावांना म्हणलं, ज्ञानेश परवा येतोय. ते म्हणले, "मला बारा मानसं पायजेत. तेरावं कुटं ठिवू? तुज्या जागी त्यो आला तरी माझी ना न्हाई. तुमचं तुमी बघा." त्यांनी ते असंच म्हणलं असंल. मी जेवताना त्याचाच विचार करत बसलो. ज्ञानेशला आता दारोदार फिरून काम मागणं होणार नाही. मला होतं. माझं कुठं एका जागी बूड टिकतं तरी, सात वर्षांत हे पाचवं गाव. असं मी स्वतःला सांगितलं अन् दुसऱ्या दिवशी यादीत माझं नाव खोडून त्याचं लिहून घेतलं.

एक तारखेला त्याला बसवरून घेतलं. निम्मा झालाय. चार पायऱ्या चढून दम लागला. खाटेवर पडला अन् म्हणला, "ज्योत्या, तू राखलीस रे." सगळी खोली बघत होती. 

मी म्हणलं, माझं काम झालंय दिघीत, पर्मनंट आहे, आजच जायचंय. त्याला खरं वाटलं. तुम्हाला नियम खरे वाटले तसंच. मला हे बरं जमतं.

मासिकाची ती प्रत त्याच्या हातात पडलीय. चार पानं वाचून लई हसला. म्हणला, आपण एवढे भारी आहोत होय? तो तुम्हाला पत्र टाकणार आहे. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, बारावीपर्यंत शिकलाय. तो विचारील, ज्योतीरामला दिघीची नोकरी तुम्ही लावून दिली का, कारण मी तसं सांगितलंय. मोठ्या ओळखी झाल्यात म्हणलं. तुम्ही हो म्हणा. दुरुस्ती छापणार होतात ती छापू नका. आता दुरुस्त करायला गेलं की त्याला कळंल, अन् कळलं की तो खाटेवरून उठंल. तो तसाच आहे.

ओजसला माझा निरोप द्या. त्याला म्हणावं, बारा जण चहाला विचारायलेत. दार उघडलं नाही तर बाहेरूनच सांगा.

हा पत्ता छापू नका. मी एका नव्या बिल्डिंगच्या साइटवर राखणदार आहे. सिमेंटच्या गोण्या अन् सळया मोजायच्या अन् कुणाला आत येऊ द्यायचं नाही. राखणदाराला खाट देत नाहीत, झोपतो म्हणून. एक प्लास्टिकची खुर्ची आहे.

निघताना ज्ञानेशनं विचारलं, तिथं झोपायची सोय काय रे? मी म्हणलं, अख्खी खाट आहे, माझी एकट्याची. तो म्हणला, मग तू कशाला परत येशील. अन् भिंतीकडं तोंड करून झोपला.

ज्योतीराम